न भरणारा खड्डा

पहारवाल्याची बायको गेल्याला वीस दिवस झाले होते, तेव्हा विहिरीवर ती भानगड झाली.

पाऊस पहाटेच थांबला होता. विहीर चांगली चढली होती, दोर निम्माच लागत होता. बायका ओळीने भांडी मांडून उभ्या होत्या. पहारवालाही दोन कळशा घेऊन त्या ओळीत होता. बायको असताना त्याने कधी पाणी भरलं नव्हतं, त्यामुळे कळशी कुठे धरायची हेही त्याला अजून नीट जमत नव्हतं. एवढ्यात खालच्या अंगाच्या वीटभट्टीवरची बाई दोन डबे घेऊन आली, आणि दुकानदार गल्ला सोडून विहिरीच्या कठड्यापाशी येऊन उभा राहिला. विहिरीचा कारभार तोच बघायचा.

"डबे खाली ठेव," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? तुम्ही आलात आणि हे सुरू झालं. तुमची माणसं उघड्यावर बसतात, आणि तेच हात घेऊन इथं दोर धरतात. सात घरांत उलट्या-जुलाब झाले. एक माणूस गेलं."

"आमची पण पोरगी आजारी आहे," भट्टीवाली म्हणाली.

"ऐकलंत? स्वतःच कबूल करते."

"आजारी पडलं म्हणजे कबूल केलं होय?"

दोघीतिघी हसल्या, पण कुणावर हसल्या ते त्यांनाच ठाऊक. दुकानदाराला ते लागलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर पहारवाल्यावर थांबली. "यांना विचार. घरातलं माणूस गेलंय यांचं. का हो काका, मी खोटं बोलतोय का?"

सगळ्या माना वळल्या. पहारवाल्याला म्हणता आलं असतं की मला काय माहीत. पण दुखवट्यातल्या माणसाकडे सगळे असे बघतात, की तो काय करेल तेच खरं. त्याने मान हलवली. एकदाच, आणि थोडीशी.

भट्टीवालीने दुकानदाराकडे पाठ केली. तिने पहारवाल्याकडे पाहिलं, डबे उचलले आणि निघाली. रिकामे डबे उतारभर तिच्या पायांवर आपटत गेले.

*

पहारवाला म्हणजे खोदकाम करणारा. पहार, टिकाव, छिन्नी आणि सुतकी यांवर त्याने पोट भरलं होतं. जमिनीवर पहार आपटून आवाजावरून तो सांगायचा की खाली माती आहे, मुरूम आहे की खडक. ही विहीर त्याच्याच हातची. बावीस वर्षांपूर्वी उस्तादाच्या हाताखाली त्याने ती खणली होती. पाणी कुठल्या चिरेतून येतं हे गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वरच्या अंगाला, घरांच्या बाजूला, तळापासून छातीभर उंचीवर एक आडवी चीर होती, आणि तिच्यातून झरा लागला होता. त्या दिवशी उस्तादाने त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

चार वर्षांपूर्वी संडासांची योजना आली, तेव्हा एक तरुण कागद घेऊन आला होता. त्याने सांगितलं, दोन खड्डे करा, पाच फुटांचे. एक भरला की दुसरा वापरा. पहिल्याची वर्षभरात माती होईल, ती उपसा आणि शेतात टाका. 'उपसा' म्हटल्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली. कोण उपसणार? संडास हवेत, पण ते नको. तरुण पुन्हा पुन्हा सांगत राहिला की तोवर ती मातीच होते, वास येत नाही, हातात घेता येते. एक म्हातारा म्हणाला, "तू घे की हातात."

तेव्हा पहारवाला पुढे झाला. "मी खणून देतो. माझा खड्डा भरणार नाही."

आणि खरंच भरला नाही. त्याने पाच फुटांवर न थांबता पंधरा फूट नेलं. पिवळी माती गेली, मुरूम गेला, आणि पहारेचा आवाज बदलला तेव्हा खडकाला चीर लागली. त्या चिरेत घागरभर पाणी ओतलं की ते घोटासारखं गिळलं जायचं. पहिला खड्डा त्याने स्वतःच्या घरी केला, बायकोसाठी. पहाटे अंधारात बाहेर जाताना तिचा पाय दोनदा मुरगळला होता. मग शेजारी म्हणाले आम्हालाही तसाच हवा. वरच्या अंगाला बारा घरं होती, बाराही घरांत त्याने तसेच खड्डे केले. चार वर्षांत एकही तुंबला नाही. दुकानदार पाहुण्यांना सांगायचा, "उधार दिलेलं एक वेळ परत येईल, पण काकांच्या खड्ड्यात टाकलेलं येणार नाही." लोक हसायचे, आणि पहारवाला तोंडावर हात ठेवून हसू लपवायचा.

विहिरीची चीर त्याला माहीत होती आणि खड्ड्यांची चीरही माहीत होती. पण दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या. मधलं दार त्याने कधी ढकलून पाहिलं नव्हतं.

*

विहिरीवरच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. त्यांनी विहिरीचं पाणी काचेच्या चार बाटल्यांत घेतलं, त्यांत काही टाकलं आणि बाटल्या दुकानाच्या फळीवर ठेवून दिल्या. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा चारही बाटल्या काळ्या झाल्या होत्या. पोरांनी दुकानापुढे गर्दी केली होती.

"काळं झालं म्हणजे पाण्यात मैला आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"मी तेच म्हणत होतो," दुकानदार म्हणाला. "भट्टीवाले."

"भट्टी विहिरीच्या खाली आहे. पाणी चढ चढून येत नाही. वरच्या अंगाला काय आहे?"

सगळ्यांनी वर पाहिलं. वर त्यांचीच घरं होती.

"संडासाचे खड्डे किती खोल आहेत?"

लोकांनी पहारवाल्याकडे पाहिलं. "पाच फूट," तो म्हणाला. "कागदावर होते तसेच."

"नक्की?"

"माझ्याच हातचे आहेत."

शब्द इतके सहज आले की त्याचं त्यालाच नवल वाटलं. दुकानदाराच्या खड्ड्याला सात दिवस लागले होते, आणि सातही दिवस तो काठावर उभा राहून घमेली मोजत होता. पाच फुटांना सात दिवस लागत नाहीत हे त्याला कळत होतं. पण तो तराजूच्या पारड्यावरची धूळ पुसत राहिला. चोराला निदान वाकून लपावं लागतं, या दोघांना तेवढाही त्रास झाला नाही.

नर्सबाईंनी विहिरीत पावडर टाकली. "ही चार दिवसांची मलमपट्टी आहे," त्या म्हणाल्या. "घाण कुठून येते ते कळेपर्यंत पाणी उकळूनच प्या. लहान मूल असेल त्या घराने तर उकळायचंच." सगळ्यांनी हो म्हटलं. सरपण ओलं होतं. दोन दिवस घराघरांतून धूर निघाला, मग बंद झाला.

*

घरी पहारवाला, त्याची सून आणि दीड वर्षांची नात. मुलगा ट्रकवर होता, तो महिन्यातून एकदा यायचा. आईला अग्नी द्यायला आला आणि तिसऱ्या दिवशी परत गेला.

जेवताना नातीने पाण्याचा पेला तोंडाला लावला की पहारवाल्याचा घास तोंडातच थांबायचा. त्याला बायकोचा शेवटचा दिवस आठवायचा. ती पहाटेपासून संडासात जात होती. पाचव्या वेळेनंतर तिला उभं राहता येईना. ती खोलीतच पडून राहिली आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. मला लाज वाटते." तो लगेच बाहेर आला. तिला लाज वाटली हे निमित्त झालं. खरं म्हणजे त्याला तो वास सहन होत नव्हता. सून पोरीला घेऊन माहेरी गेली होती. शेवटी पलीकडच्या घरातली सुईण आली. म्हातारी, एकटीच राहायची. अर्ध्या गावाचा जन्म तिच्या हातांवर झाला होता, त्यामुळे माणसाच्या अंगातून काय काय निघतं याची तिला ना भीती ना किळस. तिने बायकोचं लुगडं बदललं, तिला पुसलं, फडकी धुतली, पुन्हा बदललं. पहारवाला दारातून फक्त पाण्याचा तांब्या द्यायचा.

"पाणी पाजत राहा," सुईण म्हणाली. "अंगातलं पाणी जातंय सगळं."

तो तांब्यामागून तांब्या देत राहिला. विहिरीचा, ताजा. एकदा बायको म्हणाली, "पाण्याला वास येतो." त्याने बाहेरूनच सांगितलं, "तुझ्या तोंडाला चव नाही म्हणून तसं वाटतं. पी." ती प्यायली. त्याचं ती नेहमीच ऐकायची. दिवस मावळायच्या आत ती गेली. नर्सबाई राहायच्या त्या गावाकडचा ओढा त्या दिवशी भरून वाहत होता, त्यांना आणायला कुणी जाऊ शकलं नाही.

आता ते मधलं दार त्याने ढकललं, आणि एकदा ढकलल्यावर ते पुन्हा लागेना.

खोदकामातली एक जुनी युक्ती होती. दोन ठिकाणचं पाणी एकच आहे का हे बघायचं असेल, तर वरच्या ठिकाणी रंग ओतायचा आणि खाली वाट पाहायची. तो दुकानात गेला आणि कापड रंगवायचा हिरवा रंग मागितला.

"रंग?" दुकानदाराने पुडीकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. "आत्ताच?"

"सुनेला चादर रंगवायची आहे."

दुकानात दोन बायका होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. बायकोची राख थंड झाली नाही आणि म्हाताऱ्याला रंग सुचतोय, असं त्या बघण्यात होतं. पुडी खिशात घालून तो खाली मान घालून निघाला.

सून पोरीला घेऊन बाहेर गेली तेव्हा त्याने रंग बादलीत कालवला आणि संडासात ओतला. मागून वीस बादल्या पाणी टाकलं. घोट घेतल्यासारखं सगळं खाली गेलं. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने विहिरीतला गाळ काढायचं ठरवलं. आत उतरायला पहारवाल्याशिवाय होतंच कोण.

चौघांनी दोर धरला. पंप लावून पाणी खाली आणलं होतं. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि टॉर्च घेऊन वरच्या अंगाच्या भिंतीपाशी गेला. चीर त्याला हातानेच सापडली. उस्तादाने इथंच त्याचा हात धरून लावला होता. झरा करंगळीएवढा वाहत होता. त्याने टॉर्च लावली.

काळ्या दगडावरून एक हिरवट रेघ उतरत होती. सुतासारखी बारीक. तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. शेवाळ असेल. त्याने बोटाने पुसलं. बोट हिरवं झालं आणि रेघ पुन्हा आली.

"काय दिसतंय हो काका?" वरून दुकानदाराचा आवाज आला. विहिरीत तो मोठा होऊन आला.

वर दहाबारा डोकी वाकलेली होती. गोल आभाळ आणि भोवती डोकी. त्या डोक्यांत भट्टीच्या मालकाचंही होतं. भट्टीवाल्यांना काढून टाका, नाहीतर तुमच्या विटा आमच्या गावातून जाणार नाहीत, असं गावाने त्याला सांगितलं होतं, आणि तो निकाल ऐकायला आला होता.

पहारवाल्याने तळातला गाळ मूठभर उचलला आणि त्या रेघेवर थापला.

"गाळच आहे," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

*

गाळ निघाला, पावडर पडली, पाणी गोड झालं म्हणून लोक खूश झाले. पहारवाल्याने आत उतरून स्वतः पाहिलंय म्हटल्यावर उकळणारी दोनचार घरंही थांबली. भट्टीवाल्यांना आठवड्यात निघायला सांगण्यात आलं.

त्या दिवशी घरी आल्याआल्या त्याने सुनेला सांगितलं, "पिण्याचं सगळं पाणी उकळून घे. चांगलं खदखदून. चुळीलाही तेच."

"आता कशाला? तुम्हीच म्हणालात की साफ आहे."

"सांगतो तेवढं कर."

सून करू लागली. ओल्या सरपणाने तिचे डोळे सुजायचे. तो स्वतः रोज लाकडं फोडून द्यायचा, एवढी की ती चकित झाली. सुईण कुंपणावरून बोलायची. "काय गं, तुमच्याकडं पाण्याला फोडणी देतात वाटतं? आम्ही आपलं कच्चंच पितो."

सून हसली आणि तिने सासऱ्याकडे पाहिलं. तो लाकूड फोडत होता. कुऱ्हाड थांबली नाही.

एक वाक्य होतं. मावशी, तुम्हीही उकळा. पण मग ती विचारणार, का? आणि एका 'का'मागे दहा 'का' येणार. उद्या सांगू, असं त्याने चार दिवस ठरवलं. भट्टीवाले एकदा गेले की विषय थंडावेल, मग चिरेत काहीतरी भरता येईल, कुणाला न सांगता. झाकली मूठ.

पाचव्या दिवशी सकाळी सुईणीच्या घरातून धूर दिसला नाही. सून बघायला गेली आणि तशीच परत आली. दारात उभी राहून ती म्हणाली, "आजींना जुलाब सुरू झालेत. पहाटेपासून. अंथरुणातच."

पहारवाला उठला आणि पुन्हा बसला.

"बाबा," सून म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "तुम्हाला कळलंय ना काहीतरी? विहिरीत?"

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तुमच्या अंगरख्याच्या खिशात रंगाची पुडी सापडली, रिकामी. मी चादर मागितली नव्हती. मला वाटलं दुःखात माणूस काहीही करतो." तिने पोरीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. "तुम्हाला कळलं, आणि तुम्ही फक्त आपलं पाणी उकळायला लावलंत. त्या रोज कुंपणाशी येत होत्या. चेष्टा करत होत्या. मीही हसले त्यांच्याबरोबर."

"पोरीसाठी केलं मी."

"ते केलंत ते बरंच केलंत. मी बाकीच्याचं बोलते आहे."

त्याला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिने तसं काही केलं नाही. पोरीला खाली ठेवलं, उकळून गार केलेलं पाणी भांड्यात घेतलं, त्यात मीठ आणि साखर घालून ढवळलं आणि भांडं त्याच्यापुढे धरलं. "नर्सबाईंना आणायला मी जाते. ओढा उतरलाय. हे तुम्ही न्या. आणि या वेळी दारात उभे राहू नका."

म्हणजे तिलाही ते माहीत होतं. सुईणीने सांगितलं असणार.

*

सुईण भिंतीकडे तोंड करून पडली होती. खोलीत तोच वास होता. पहारवाला उंबऱ्यावर थबकला, मग आत गेला.

"कोण?"

"मी आहे मावशी."

"तू जा. सुनेला पाठव."

"ती नर्सबाईंकडं गेलीय."

"मग बाहेर बस. मी पोरीबाळींची अंगं धुतली, माझं कुणी धुवायचं नाही."

तो बाहेर गेला नाही. आधी तिला पेल्यातून घोट घोट पाणी पाजलं. मग चूल पेटवून पाणी तापवलं आणि फडकी शोधली. दुसऱ्याचं अंग पुसायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. दगडाला हात लावायची सवय, ती जोर करायची. म्हातारी कण्हली. "हळू रे. मी खडक नाही." मग तो हळू करायला शिकला. पायांवरची कातडी कागदासारखी होती. चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. त्याने अंथरूण काढलं, पुसलं, स्वतःचं धोतर फाडून खाली घातलं. तासाभरात पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात आलं की वास येतोय, पण आपण इथंच आहोत. एवढंच तर करायचं होतं तेव्हा.

"मावशी," तो म्हणाला, "हे माझ्या खड्ड्यांचं पाणी आहे."

तिने डोळे उघडले.

"बाराही खड्डे विहिरीच्या चिरेला लागलेत. मी रंग टाकून पाहिलं. पाच दिवस झाले. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

तिने डोळे पुन्हा मिटले. ऐकलं की नाही असंही त्याला वाटलं. मग ती म्हणाली, "तिला पाजलंस ते पण तेच."

"हो."

"माझ्या हातूनच गेलं की. तू द्यायचास, मी पाजायची." तिने तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. "पेला दे इकडं. आणि हे मला सांगून काय उपयोग? मी विहिरीवर जायची आहे का आता?"

नर्सबाई दुपारी आल्या आणि त्यांनी सलाईन लावलं. संध्याकाळी म्हातारीला लघवी झाली, तेव्हा त्या म्हणाल्या की आता धोका नाही. पहारवाल्याने त्यांना दारातच थांबवलं. "बाई, खड्डे पाच फुटांचे नाहीत. पंधरा फुटांचे आहेत."

नर्सबाईंनी पिशवीतून वही काढली आणि पाचावर काट मारून पंधरा लिहिलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका विहिरीवर आल्या, तेव्हा दोर कप्पीवरून काढून गुंडाळलेला होता आणि पहारवाला कठड्याला टेकून उभा होता. दुकानदार धावत आला. "काका, हे काय चालवलंय?"

त्याने सांगितलं. एका दमात, कुठेही न थांबता. चीर, खड्डे, रंग, रेघ, तिच्यावर थापलेला गाळ. त्याला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे गोड कसं करायचं तेही येत नव्हतं.

"म्हणजे इतके दिवस आम्ही आमचंच..." एका बाईने म्हटलं आणि पदर तोंडावर घेतला. कुणीतरी बाजूला जाऊन थुंकलं. मग सगळेच थुंकू लागले.

"हळू बोला हो," दुकानदार म्हणाला. "बाहेर गेलं तर या गावाचं पाणी कुणी पिणार नाही, पोरींना स्थळं येणार नाहीत. जे झालं ते झालं. चिरेत सिमेंट भरा गुपचूप."

"पाणी दुसरीकडून फुटेल. खड्डेच वर घ्यायला हवेत."

"वर घ्यायचे म्हणजे?"

"आहे ते उपसायचं. खाली दहा फूट चिकणमाती ठासायची. वर पाच फुटांचा खड्डा ठेवायचा. भरला की उपसायचा."

पुन्हा तोच शब्द. माणसं जमिनीकडे बघू लागली. 'तू घे की हातात' म्हणणाऱ्या त्याच म्हाताऱ्याने विचारलं, "पण तू इतके खोल नेलेसच कशाला? कागदावर लिहिलं होतं की."

पहारवाल्याने हात पुसले. ते कोरडेच होते.

"माझा बाप खड्डे उपसायचा," तो म्हणाला. "लोकांचे. दुसऱ्या गावात. मागच्या दाराने जायचा, मागच्या दाराने यायचा. घरी आला की आम्ही पोरं त्याच्याजवळ जात नव्हतो. आई त्याला लांबून वाढायची. तो मेला आणि मी ते गाव सोडलं. इथं कुणाला बोललो नाही. बायकोला पण नाही. मला वाटलं, असा खड्डा करीन की कुणाला उपसावा लागणारच नाही."

सून मागे उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं. ओळीतल्या दोन बायका नकळत एक पाऊल मागे सरकल्या. ते त्याला दिसलं.

तिथून तो भट्टीवर गेला. भट्टीवाली भांडी पोत्यात भरत होती. पोरगी बरी झाली होती, विटांच्या चुऱ्यात खेळत होती. तो म्हणाला, "तुमचा काही संबंध नव्हता. मी गावाला सांगून आलोय. तुम्ही जाऊ नका. आणि विहिरीचं पाणी सध्या पिऊ नका, ते चांगलं नाही."

"आधी घाण करता म्हणून नको, आता घाण आहे म्हणून नको," ती म्हणाली. "तुम्ही मान हलवलीत तेव्हा माहीत होतं?"

"अर्धं."

"मान तर पुरी हलवलीत." तिने पोत्याचं तोंड बांधायला घेतलं, मग थांबली. बांधलंही नाही आणि सोडलंही नाही. तो परतला.

*

नर्सबाईंनी बजावलं होतं की आत उतरायचं नाही, आत वायू असतो. त्यामुळे त्याने लांब बांबूला डबा बांधला. बायकोसाठी केलेला खड्डा आधी घेतला. झाकण सरकवलं तेव्हा गल्लीतली दारं एकामागून एक लागली. परसाच्या टोकाला त्याने कोरडा चर खणून ठेवला होता. डबा वर यायचा, चरात रिकामा व्हायचा, त्यावर राख आणि चुना.

दहाव्या डब्याला खांदे भरून आले. कुणीतरी बांबूचं मागचं टोक धरलं. त्याने वळून पाहिलं. सुनेने तोंडाला फडकं बांधलं होतं.

"तू नको. पोर आहे घरात."

"पोरगी आजींकडं आहे, त्या उठून बसल्यात आता. तुम्ही नीट धरा, सांडतंय."

दोघं उपसत राहिली. पलीकडून सुईणीचा आवाज आला. पोरीला काहीतरी दटावत होती, अशक्त पण ठसक्यात.

दुपारी दुकानदाराचा नोकर आला. नाकावर रुमाल धरून तो लांबच उभा राहिला. "काका, शेठ म्हणाले, आमचा पण उद्या करून टाका. पण दुकानावरून येऊ नका, गिऱ्हाईक असतं. मागच्या दाराने या म्हणाले."

सुनेचा हात बांबूवर घट्ट झाला. ती काही बोलणार, तेवढ्यात पहारवाल्याने डबा रिकामा केला, चुना टाकला आणि कपाळ मनगटाने पुसलं.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "खड्डा मागेच आहे. मागूनच येईन. आणि म्हणावं, बांबूचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागतो. ते स्वतः आले तरी चालेल."

नोकर गेला. सुनेने राख उचलली. पहारवाल्याने बांबू पुन्हा खाली सोडला आणि तळ लागेपर्यंत सोडत गेला.